नसरीनबाईंची दहा बोटं

प्रश्न विचारून झाला की नसरीनबाईंच्या वर्गात फक्त छताचा पत्रा वाजायचा. फाल्गुनाचं ऊन त्यावर तापत जाई, मध्येच एखादा टक्‌ असा आवाज होई, आणि त्या निःशब्द अवकाशात बाई एकेक बोट मिटत उभ्या राहत. खोल विहिरीत पोहरा सोडावा आणि तो पाण्याला टेकेपर्यंत श्वास धरावा, तशा. दहाही बोटं मिटेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, हा वर्गाचा नियम. हुशारांनी तर नाहीच नाही.

वडवणीच्या गॅरेजवाल्याची ही लेक. बापाने इंजिन चालू करून आधी नुसतं ऐकावं, तशा बाई लेकरांच्या मौनाला कान लावत. विचारल्यावर शिक्षक थोडा थांबला तर एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात, या संशोधनाचे कागद शिक्षकांच्या प्रशिक्षणात सगळ्यांनाच वाटले होते. बाकीच्यांनी ते कागद डब्याखाली अंथरले, बाईंनी वर्गात आणले. ऊसतोडीवरून आईबापासोबत परतलेली मंगल त्यांच्याच वर्गात, नवव्या-दहाव्या बोटाच्या संधिप्रकाशात, पहिल्यांदा बोलली. गावोगावच्या शाळांसाठी चळवळ करणारी मी, त्या दिवशी वर्ग बघायला मागे बसले होते. तो आवाज कोवळा नव्हता, खरखरीत होता, बऱ्याच दिवसांनी कुलूप उघडावं तसा.

आणि मी काय केलं? पत्रक काढलं. नुसत्या अहवालांवर शाळा चालवणाऱ्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी एकदा नसरीनबाईंचा वर्ग येऊन बघावा, असं ठळक अक्षरात छापून गावोगाव वाटलं. पत्रक वाचताना बाईंचा चेहरा राखेसारखा झाला.

"नाव कशापायी टाकलंस गं माझं? गपगुमान करत होते म्हणून चालू होतं हे."

भिता कशाला, असं मी म्हणाले. त्यावर त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "तुला काय जातंय म्हणायला? तुझी बदली होत न्हाई."

साहेब आले. झाडाची पानं हिरवी कशामुळे दिसतात, एवढंच त्यांनी विचारलं. मुलांनी ओठ मिटले आणि शिरस्त्याप्रमाणे बाईंच्या हाताकडे पाहिलं. बोटं एकेक करून मिटू लागली. चौथ्या बोटाला साहेब म्हणाले, "बाई, वर्ग आहे का मौनव्रत?" सातव्याला त्यांनी पाठ फिरवून पेन उघडलं. दहावं बोट मिटलं तेव्हा सगळा वर्ग हातांनी भरून आला, मंगलचाही हात त्यात होता. पण साहेबांची पाठ आमच्याकडे होती आणि शेरा लिहून झाला होता: विद्यार्थी निरुत्तर. चौकात माइकशिवाय बोलणारी मी, मागच्या बाकावर बसूनच राहिले. साहेबांची जीप धूळ उडवत गेली तरी हात वरच होते.

लेकरांना बोलायची खूण का केली नाहीत, असं मी नंतर विचारलं. बाई खडूची धूळ झटकत होत्या.

"मग त्यांना काय कळलं असतं? साहेब आले की नियम खोटा, हेच ना?"

जूनमध्ये बदलीचा कागद आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या वर्गात आता प्रश्न पुरता होण्याआधी उत्तर आदळतं, तेही पाचसहा जणांचंच, आणि नवे गुरुजी समाधानाने मान हलवतात. मंगल बोलते का, हे त्या कल्लोळात कळत नाही. तेही सोसेन. खरी भीती निराळी आहे. नव्या गावी, नव्या मुलांसमोर, बाई अजून थांबतात का? की दारात सावली हलली तरी घाईने पुढचा धडा काढतात? नंबर माझ्याजवळ आहे. दोनदा लावला आणि वाजण्याआधीच कापला. दूर गेलेलं माणूस आपल्याला आठवतं तसंच अजून कुठेतरी असेल, हे पडताळून न पाहण्यावरच स्मृती तग धरते. म्हणून मी विचारत नाही, आणि न विचारता गेलेला एकेक दिवस मला त्यांच्यापासून अधिकच दूर नेतो.