झऱ्याजवळचे वळण

मित्रांनो, चटईएवढा एक कागद डोळ्यांपुढे आणा. त्याच्या घड्या विरल्या आहेत, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. तो मीच. मी एक जुना नकाशा आहे.

उमरोळीच्या पूर्वेला, डोंगरातल्या एका पाड्यावर माझा जन्म झाला. पुढच्या वीस वर्षांत गावाला काय हवे, ते ठरवायला सगळे जमले होते. बायकांनी अंगणात तांदळाच्या पिठाने गाव काढले आणि सरकारी कर्मचारी शैलेशभाऊंनी ते माझ्यावर उतरवले. रस्ता लाल, जंगल हिरवे, पाणी निळे. निळा ठिपका पाच वर्षांच्या हेमालीने रंगवला. वैशाखातही न आटणारा तो एकच झरा होता. होणाऱ्या रस्त्याने त्याला वळसा घालावा, असा हट्ट तिची आजी बुधी हिने धरला.

शैलेशभाऊ हसून म्हणाले, "आजी, वीस वर्षांनी तू कुठे असशील?"

"मी नसंन. पाण्याची तान तर असंल ना," बुधी म्हणाली.

लाल रेघ वळली.

ग्रामपंचायतीतून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला मी मानाने गेलो. प्रत्येक खात्याने माझी नक्कल करून घेतली, पण फक्त आपल्या रंगाची. मग मी कपाटात गेलो. लाल रेघेच्या कागदावर एक वळण उगाचच दिसत होते. कोणीतरी ते सरळ केले.

आठ पावसाळ्यांनी शैलेशभाऊंनी मला शोधून काढले, तेव्हा झरा डांबराखाली गेला होता. रस्तेवाले म्हणाले, "आमच्या कागदावर झरा नव्हता." पाणीवाले म्हणाले, "आमच्या कागदावर रस्ता नव्हता." दोघेही खरेच बोलत होते. आणि सगळे रंग अंगावर घेऊन मी अंधारात पडून होतो.

शैलेशभाऊंनी मला पाड्यावर परत आणले. निम्म्या घरांना कुलपे होती; माणसे बोईसरकडे कामाला गेली होती. बुधी मात्र अजून रोज सकाळी हंडा घेऊन जाते आणि डांबराच्या कडेला बसते.

पलीकडच्या उतारावर आणखी एक लहान झरा आहे. त्या भागाची आखणी करायला परवा तीन खात्यांची तीन माणसे आली, तीन कोरे कागद घेऊन. मला पुन्हा अंगणात पसरले.

मित्रांनो, मला नुसते जपून ठेवू नका. मला पुरता उघडा आणि सगळे मिळून पाहा.

हेमाली आता तेरा वर्षांची आहे. तिने आजीच्या हातातला रिकामा हंडा घेतला आणि माझ्यावरच्या निळ्या ठिपक्यावर ठेवला. मग तिने तिघांच्या हातांतले कोरे कागद काढून घेतले आणि माझ्याभोवती त्यांना बसायला जागा करून दिली.