पंधराचा फ्यूज

"दाबा आता," गॅरेजचे वायरमन टेस्टरकाका म्हणाले.

नर्सबाईंनी दहा पावलांवरून रिमोटचं बटण दाबलं. रिकामी गाडी आपली आपण सुरू झाली. पाठोपाठ पंखा फिरला, मागची काच तापू लागली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली हीटरचा रिले खटकला. काकांनी सीटवर तळवा ठेवला. ऊब यायला लागली होती.

"वॉर्डाच्या खिडकीतून चालेल ना?"

"समोर गाडी दिसली की झालं."

"बाबांचा व्यायाम आटपला की त्यांना गाडीत बसवते आणि पुढच्या पाळीला चार्ज द्यायला वर वॉर्डात जाते. त्यात अर्धा तास सहज जातो. पाठ गारठली की कळवळतात हो. पायांत जीव नाही, स्वतः उतरून आत येतील म्हणाल तर तेही नाही."

नर्सबाई घाईत निघून गेल्या. असं एखादं काम साधलं की काका एरवी गॅरेजभर फुशारकी मारत हिंडायचे. आज ते स्टुलावर बसले ते बसलेच.

गाडीच्या फ्यूजना रंग असतात. निळा पंधरा अँपिअरचा, हिरवा तिसाचा. आकार तोच, बसायची जागा तीच आणि सगळं सुरळीत असेल तर काम दोघंही करतात. फरक कळतो तो वायर कुठे घासली, चिरडली म्हणजे. पंधराचा फ्यूज स्वतः जळून वायरीला वाचवतो. त्याच जागी तिसाचा असला तर तो ढिम्म राहतो आणि जळते ती वायर. मग सीट, मग सीटवर जो कोणी असेल तो.

एकतीस वर्षं काकांनी हे दुसऱ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आणि गेले सात महिने त्यांना स्वतःला निळ्यातलं आणि हिरव्यातलं अंतर कळत नव्हतं. साखरेनं डोळ्यामागचा पडदा खाल्ला होता. आहे ते टिकवू, गेलेलं परत आणता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यावर तोडगाही झकास काढला होता. फ्यूज पत्रे ठोकणाऱ्या डेंटरच्या नाकासमोर धरायचा आणि गुरकावायचं, "सांग रे, कितीचा?"

"निळा, पंधराचा!"

"शाबास, अगदीच वाया नाही गेलास!"

गॅरेज हसायचं. डेंटर बिचारा घरी बायकोला सांगायचा, की काका मला इलेक्ट्रिकचं काम शिकवताहेत.

आज नर्सबाईंच्या गाडीत सीटची वायर जोडताना नेमका डेंटर पत्रा आणायला गेला होता. काकांनी डब्यातल्या मिसळलेल्या फ्यूजांतून एक उचलला आणि उजेडात धरला. करडा दिसला. दुसराही तसाच. आकडे म्हणजे नुसते ठिपके. नर्सबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांना विचारता आलं असतं. पण एकतीस वर्षांच्या वायरमननं गिऱ्हाइकाला रंग विचारायचा? जीभ उचलली नाही. निळाच असेल म्हणून त्यांनी तो बसवला आणि होल्डरवर टेप गुंडाळून टाकली.

कदाचित काहीच होणार नव्हतं. कदाचित वर्षानुवर्षं नाही. पण काकांच्या डोळ्यांसमोरून ते लुळे पाय हलेनात. ते उठले आणि मालकिणीसमोर जाऊन उभे राहिले. ती जुन्या मालकांची मुलगी, तिच्या हातात पहिला टेस्टर काकांनीच दिलेला.

"पोरी, नर्सबाईंना फोन लाव. बटण दाबू नका म्हणावं, गाडी परत आणा."

"का? काय झालं?"

"फ्यूज कितीचा लावलाय ते मला माहीत नाही."

"तुम्हाला?" ती हसली. "थट्टा पुरे, काका."

"मला रंग दिसत नाहीत. सात महिने झाले."

तिचं हसू ओठांवरच राहिलं. "मग बाकीच्या गाड्या?"

"डेंटरला विचारून केल्या, सगळ्या. आज तो नव्हता."

तिनं फोन लावला.

वीस मिनिटांत नर्सबाई परत आल्या, तणतणतच. मालकिणीनं बॉनेट उघडलं, टेप कापली, फ्यूज उपसून उजेडात धरला. फ्यूजकडे बघून उपयोग नव्हता, म्हणून काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"निळा आहे. पंधराचा."

"म्हणजे बरोबरच होतं?" नर्सबाई उसळल्या. "मग मला अर्ध्या वाटेतून कशाला बोलावलंत? बाबा तिकडे ताटकळत बसलेत!"

"बरोबर होतं, बाई. पण ते मला माहीत नव्हतं."

नर्सबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"साखर?"

काकांनी मान हलवली.

मालकिणीनं फ्यूज परत बसवला. "काका, उद्यापासून तुम्ही..."

"उद्यापासून वायरीला हात लावायचा नाही," काकांनीच वाक्य पुरं केलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही. "जोड कसा आलाय, तेवढं सांग."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"सुरेख आलाय. एक तार बाहेर नाही."

काकांनी खिशातलं टेपचं रीळ तिच्यापुढे धरलं. ती होल्डरवर टेप गुंडाळू लागली. सैल गुंडाळतेय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं.

"ताणून घे," ते म्हणाले.

तिनं ताणून घेतली.