भात्याची फुंक

मित्रांनो, मी एक जुना चामडी फुटबॉल आहे. गोल होतो, असं म्हणायला हवं. आता एका बाजूने बसलो आहे. माझ्या पोटात रबरी फुगा, त्याला एक नळी. नळीतून हवा भरायची, ती बांधून आत खोचायची आणि वरून वादी आवळायची.

मी एका छापखान्यातल्या कामगारांचा. त्यांच्यातला एक छपाईचे खिळे जुळवणारा मला तोंडाने फुगवायचा. छाती लोहाराच्या भात्यासारखी, म्हणून सगळे त्याला 'भाता' म्हणत. गोलरक्षकाने एकदा पंप आणला, तर हा म्हणाला, पंपाची हवा बेइमान असते. तेव्हापासून भात्याच्या फुंकेशिवाय सामना नाही, असा संघाचा नेमच पडला. भाता स्वतः खेळायचा मात्र बेताचाच. मी जाळ्यात कमी आणि शेजारच्या छपरांवर जास्त गेलो.

मग युद्ध आलं आणि भाता शिपाई झाला. त्या रविवारी त्याने मला गच्च फुगवलं, पण सामना झालाच नाही. भरतीची गाडी वेळेआधी आली.

त्याच्या आईने मला कपाटावर ठेवलं. तिची धाकटी लेक तेल लावायला आली, तर आई म्हणाली, "हात लावू नकोस. त्याची फुंक आहे त्यात."

मी हवेवाचून आणि तेलावाचून वाळत गेलो. फुंक तर चार-सहा महिन्यांतच निघून गेली होती. आईला ते कळलं नसेल का? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने मला कधी दाबून पाहिलं नाही. रोज खालूनच बघायची, मग चूल पेटवायची. त्या बाईचा मला राग कधीच आला नाही.

तीन वर्षांनी भाता परतला. विषारी धूर छातीत गेला होता. जिना चढताना दोनदा थांबला. संघातले चौघेच उरले होते. त्यांनी रविवारी मैदानावर बोलावलं, म्हणून त्याने मला खाली काढलं. मी त्याच्या हातात पिशवीसारखा लोंबलो.

आईचा चेहरा उतरला. "मी जपला होता रे," ती म्हणाली.

त्याने नळी तोंडात धरली. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा खोकल्याने वाकला. मग मला मांडीवर घेऊन नुसता बसला. खूप थकला होता तो. मीही.

आईने नळी पुसली. "तू धर नीट. मी फुंकते," एवढंच म्हणाली.

गाल फुगवून, मधे मधे दम घेऊन ती फुंकत राहिली. मी अर्धाच भरलो. रविवारी भाता मैदानाच्या कडेला बाकावर बसला. मी वेडावाकडा लोळत त्याच्या पायाशी गेलो की तो मला परत ढकलायचा.

मित्रांनो, नुसतं उंचावर ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर खाली काढा, तेलाचा हात फिरवा, खेळा. आणि लढाईवरून कोणी घरी आलं, तर त्याला लगेच मैदानावर बोलावू नका. आधी बसू द्या. त्याचा श्वास पुरत नसेल, तर थोडा तुमचा द्या.