हबसाणातला सुरा

दसऱ्याआधी हणमंतराव माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना परत पाठवलं. शिवाजीनगरच्या माझ्या दुकानात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान येऊन पडलं होतं आणि माझं डोकं फिरलेलं होतं. जुन्या हत्यारांचं वय सांगणं हे माझं काम. तरी "दसरा होऊ द्या, मग आणा," म्हणून मी त्यांच्या अंगावर खेकसलो. त्या दिवशी माझी अक्कल गहाण पडली होती.

हणमंतराव निवृत्त हवालदार. एकेचाळीस साली पलटणीबरोबर आफ्रिकेत, हबसाणात लढायला गेलेले. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या आजारी सुनेला त्यांनी आपल्या वाटणीचं पाणी दिलं आणि त्या म्हाताऱ्यानं आपल्या आजोबांचा सुरा त्यांच्या हातात ठेवला. दुसऱ्या कुळाचं हत्यार म्हणून सतरा वर्षं तो ट्रंकेत होता, पूजेला कधी काढला नाही. यंदा गणपतीत चार पाहुण्यांदेखत त्यांचा मुलगा दामोदर हसत म्हणाला, "थापा आहेत अप्पांच्या. बंदरावरच्या बाजारात घेतला असेल." तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. सुरा निदान शंभर वर्षांचा आहे, एवढी चिठ्ठी त्यांना माझ्याकडून हवी होती.

दसऱ्यानंतर नवराबायको दोघं आली. पद्मावतीबाईंनीच पिशवीतून सुरा काढला. "बघा अण्णा, कसा झालाय! तुम्हाला दाखवायला म्हणून यांनी ट्रंकेतून काढून फळीवर ठेवलेला. खंडेनवमीसाठी मी तो घेतला, चिंच आणि राखेनं दोन दिवस घासला. मुठीचं चामडं कुजलेलं, ते टाकून तांबडा दोरा गुंडाळला. धारपण लावून आणली. पातं स्वल्प कमी झालं, पण सरी झालं, अगदी नीट." एवढं सांगून त्या खुशीत भाजी घ्यायला बाजारात गेल्या.

खंडेनवमीला आमच्यात घरातलं एकूण एक हत्यार घासून पूजेला मांडतात. मीही मांडतो. आणि तरी मी या माणसाला 'दसऱ्यानंतर या' म्हणालो होतो!

पात्यावर चढलेला काळा थर, चामड्यात मुरलेला हातांचा मळ, वापरून झिजलेली धार, वय कळतं ते यांवरून. यातलं काहीच उरलं नव्हतं. तासभर भिंग लावून बसलो. हातोडीच्या खुणा सापडल्या, पण बाजारातला लोहारही हातोडीनंच घडवतो. शेवटी खरं ते सांगितलं, की आता याचं वय सांगता येणार नाही. हणमंतराव मुठीवरच्या तांबड्या दोऱ्यावरून बोट फिरवत राहिले.

मला राहवलं नाही. कागद ओढला. "लिहून देतो. शंभर वर्षं. कोण बघायला येतंय?"

"नको अण्णा," ते म्हणाले. "पोरगं मला खोटारडा म्हणतंय. आता खरोखरचं खोटं घेऊन कुठं जाऊ? आणि हिला यातलं काही सांगू नका. दोन दिवस घासलंय तिनं."

इतक्यात पद्मावतीबाई भाजी घेऊन आल्या. "काय म्हणाले?"

"जुना आहे म्हणाले," हणमंतराव म्हणाले. "फार जुना."

आयुष्यात या माणसानं बायकोशी खोटं बोललेलं ते पहिलंच असावं. त्यांना माझ्याकडे बघवेना.

"मी म्हणत नव्हते?" त्यांनी पदरानं सुरा पुसला आणि माझ्यापुढे हात केला. "द्या चिठ्ठी. मला कधी लागली नाही, पण दामूला दाखवायची आहे."

कोरा कागद माझ्या हाताखाली होता. मी हणमंतरावांकडे पाहिलं. ते खाली मान घालून चपला शोधत होते.