दोन्ही बाह्या डाव्या

मास्तरांनी कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तेव्हा त्यांच्या बायकोला हसू आलं. चाळीस वर्षं कोट शिवणारा माणूस!

"लक्ष कुठं होतं तुमचं?"

"इथंच होतं," मास्तर कोट उलटसुलट करत म्हणाले. "मला अजूनही चूक दिसत नाहीये."

मग असंच होत गेलं. जमिनीवर पडलेली टाचणी ते लांबून हेरत, आणि समोरची कात्री मात्र टेबलभर हात फिरवून शोधत. खुर्चीवर बसायला जात आणि खुर्चीच्या शेजारी टेकत. वर्षभरात तीन चष्मे झाले. डोळ्यांचे डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणत, "नजर उत्तम आहे. शेवटच्या ओळीतलं अक्षरही वाचताय." अक्षर वाचता येत होतं, ओळ वाचता येत नव्हती. बायकोला मधूनच वाटे, हे सोंग तर नाही? लगेच स्वतःचीच लाज वाटे.

मुलीला वेगळीच धास्ती होती. थोरल्या काकांना शेवटी घरचेही ओळखू येत नव्हते. तिनं एकदा सहज विचारल्यासारखं केलं, "बाबा, समोरच्या वकिलांचं माप?"

"छाती बेचाळीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता," मास्तर ताडकन म्हणाले. मुलगी आणखीच बुचकळ्यात पडली.

अखेर ती त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मास्तरांनी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले. मग तपासणीचे फोटो आले. बाई मुलीला म्हणाल्या, "मेंदूची झीज सगळ्यांची सारखी नसते. काहींचा आठवणींचा भाग आधी आक्रसतो, काहींचा बोलण्याचा. यांचा मागचा भाग आक्रसलाय. डोळ्यांनी पाहिलेलं तिथं जुळवलं जातं."

"म्हणजे मी आंधळा झालो?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"मग मला दिसतंय?"

"तसंही नाही म्हणता येणार."

"बाई, धड एक काहीतरी सांगा हो!"

बाईंनी धड सांगितलं ते एवढंच, की हे थांबणारं नाही. पुढं इतर भागांतही पसरेल, पण हळूहळू.

घरी आल्यावर बायकोनं टेबल रिकामं केलं, कात्रीच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळली. बेतणं बंद झालं, हातशिलाई राहिली. एका दुपारी पाहते तर मास्तर डोळे मिटून परकराला तुरपाई घालत होते.

"अहो, डोळे उघडा की!"

"उघडले की गोंधळतो. बोटांना बरोबर कळतं."

तिनं टाके पाहिले. थोडे वाकडे होते, पण बसले होते. ती समोर बसली. मास्तरांनी डोळे उघडून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"काय झालं?"

"तुझं नाक दिसतंय," ते म्हणाले, "पण तू सापडत नाहीयेस."

ती खळखळून हसली आणि एकदम थांबली. हसावं की रडावं, तिला कळेना. मास्तरही गोंधळून हसत होते. तिनं खुर्ची पुढं ओढली, त्यांचा हात आपल्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "इथं आहे."