चेहऱ्यावरचं वर्तमानपत्र

आमच्या दैनिकात माझं काम फोटोखालच्या ओळी लिहिण्याचं होतं. फोटो बगळा काढायचा. हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. पण लांब पाय आणि तासन्‌तास एका जागी उभं राहण्याची चिकाटी, यामुळे सगळं ऑफिस त्याला तशीच हाक मारी आणि तोही ओ देई. तो उन्हातान्हात फिरे, मी शब्दकोश घेऊन टेबलामागे बसे.

तरी एक नियम माझ्यामुळे आला होता. अपघातात गेलेल्या माणसाचा चेहरा छापू नये, असं मी एकदा संपादकांना म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांच्याशी आपणहून बोललो ते बहुधा तेवढंच. त्यांनी ऐकलं. तेव्हापासून बगळा कॅमेऱ्याच्या पिशवीत आदल्या दिवशीचा अंक ठेवू लागला. पोलिसांची चादर येईपर्यंत तो अंक चेहऱ्यावर, पार छातीपर्यंत पसरायचा आणि मगच छापायचा फोटो घ्यायचा. घडी अशी घाली की पेपरचं नाव आत जाईल. "मेल्या माणसाकडून जाहिरात नको करून घ्यायला," म्हणायचा.

झाकण्याआधी मात्र तो एक फोटो घेई, पोलिसांना लागला तर हाताशी असावा म्हणून. त्याची प्रत खाकी पाकिटात घालून, वर तारीख आणि रस्ता लिहून माझ्याकडे देई. ती पाकिटं माझ्या सर्वांत खालच्या खणात कुलपात असत आणि किल्ली माझ्या खिशात. आजवर मी एकही पाकीट कुणाला उघडू दिलं नाही, याचं ऑफिसात कौतुक होई. मला ते आवडे. स्वतः मीही एकही उघडलं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एकदा पुलाजवळच्या वळणावर टँकरनं एका पायी चालणाऱ्याला उडवलं. त्याच्याजवळ नावगावाचा एकही कागद सापडला नाही. दुसऱ्या दिवशी झाकलेल्या चेहऱ्याचा फोटो छापला, खाली माझी ओळ होती: 'अपघातात मरण पावलेला अनोळखी इसम'. 'ठार' ऐवजी 'मरण पावलेला' लिहिलं, म्हणून मी जरासा खूशही होतो.

महिन्याभरानं त्याची बायको दिराला घेऊन ऑफिसात आली. संपादकांनी दोघांना माझ्याकडे पाठवलं.

तिनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. नवरा कामासाठी चार दिवस बाहेरगावी जायला निघाला होता, त्यामुळे घरी काळजी करण्याचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं आमचा पेपर उघडला, फोटो पाहिला, "बिचारा, कुणाच्या घरचा आहे कोण जाणे," असं मुलांना म्हणाली आणि पान उलटलं. पाचव्या दिवशीही तो आला नाही, तेव्हा दीर पोलिसांकडे गेले. शवागारात त्यांनी ओळखलं. घरी आणलं ते चेहरा बांधूनच. तिला पाहू दिलं नाही.

मी पेनाचं टोपण लावत होतो आणि काढत होतो. चेहरा उघडा छापला असता, तर तिला त्याच सकाळी कळलं असतं. पण कळलं असतं ते चहाच्या कपासमोर, मुलांच्या देखत.

"तुमच्याकडे उघड्या चेहऱ्याचा फोटो आहे, असं पोलीस म्हणाले," ती म्हणाली.

"वहिनी, कशाला?" दीर म्हणाले. "डोळ्यांपुढून जायचा नाही."

"भाऊजी, तुम्ही पाहिलं. पोलिसांनी पाहिलं, यांच्या फोटोवाल्यानं पाहिलं. सगळ्या जगानं पाहिलं, मी तेवढी राहिले."

मी खण उघडला, पाकीट काढलं आणि त्यावर हात ठेवून म्हणालो, "अगदी शांत दिसतात. झोपल्यासारखे."

हे शब्द मी इतरांच्या बातम्यांतून डझनावारी वेळा खोडले होते.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलाय हा फोटो?"

दीरही माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. नाही.

"मग आधी तुम्ही बघा," ती म्हणाली. "आणि जे दिसेल ते सांगा. मग बघायचं की नाही ते मी ठरवीन."

पाकीट उघडायला मला फार वेळ लागला. फोटो हातात आल्यावर मी आधी त्याच्या कडा बघितल्या, मग रस्ता, मग बाकीचं. ओळी लिहिताना करतो तसं डावीकडून सुरुवात करून सांगू लागलो. डाव्या कानाच्या वर जखम आहे, मोठी. त्या बाजूचे केस रक्तानं चिकटले आहेत. उजवा गाल धड आहे. एक डोळा अर्धा उघडा. मिशीत धूळ. तोंड थोडं उघडं, काही विचारायचं राहून गेल्यासारखं... इथे मी थांबलो. 'विचारायचं राहून गेल्यासारखं' हे फोटोत नव्हतं, माझ्या पदरचं होतं. तसं मी तिला सांगितलं.

"पुढे?"

"शर्ट रेघांचा. वरचं बटण चुकीच्या काजात."



"निघताना म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "अहो, बटण बघा. म्हणाले, गाडी सुटेल."

तिनं हात पुढे केला. मी फोटो दिला. दीर उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिनं तो गुडघ्यांवर ठेवला आणि बराच वेळ पाहिला. एकदा अंगठा बटणावर ठेवला, काढला. मग फोटो मला परत दिला.

"घरी नको, मुलं आहेत," ती म्हणाली. "पण फाडू नका. मुलांनी मोठेपणी मागितला तर असू दे."

दीर म्हणाले, फाडलेलाच बरा. मी किल्ली खिशात टाकली आणि तिला म्हणालो, "राहील."

संध्याकाळी बगळ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी एकटाच बघत होतो?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

अंकानं चेहरा झाकणं आम्ही सोडलं नाही. फक्त ओळख पटली नसेल, तर फोटोखाली कपड्यांची, दिसेल त्या खुणेची एक ओळ मी लिहू लागलो. जागा नाही म्हणून संपादक ती कधीकधी कापत. त्या दिवसापासून पाकीट खणात टाकण्याआधी मी ते उघडून पाहत असे आणि रस्त्याच्या नावाखाली, जे दिसलं तेवढंच लिहीत असे.