सत्तरपैकी एक

मी एकतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं. शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलं पाहिली, वहीत च्युइंगम चिकटवून आणणारीही पाहिली. पण सत्तरपैकी एक गुण मिळावा म्हणून जिवाचा आटापिटा करणारी माणसं मला फक्त आमच्या नाणेमंडळात भेटली.

जुन्या नाण्यांना सत्तरपैकी गुण देतात. टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं असेल तर सत्तर. एक म्हणजे पार गुळगुळीत, तरीही कोणत्या सालचं ते कसंबसं ओळखू येणारं. त्याच्या खाली नाणं नसतं, नुसती चकती असते. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात दर ऑक्टोबरला सगळ्यात वाईट नाण्याची स्पर्धा भरते. नाणं चांदीचं हवं, दीडशे वर्षांहून जुनं हवं आणि झीज वापरातली हवी. घासून, धुऊन, पॉलिश करून आणलेलं लगेच बाद. बक्षीस म्हणजे मंडळाच्या संस्थापकांचा तळ गेलेला डावा बूट, फळीवर ठोकलेला. खाली जिंकणाऱ्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या. शेवटच्या सहा पट्ट्यांवर एकच नाव आहे: इर्मा एशलमन.

हार्लन ब्रुबेकरला त्या बुटावर आपलं नाव हवं होतं. हार्लन म्हणजे आमचा निवृत्त प्लंबर, वय अडुसष्ट. नोव्हेंबरमध्ये तो लेकीकडे ॲरिझोनाला कायमचा राहायला जाणार होता. म्हणजे ही त्याची शेवटची संधी.

"तिकडे वाळवंटात काय झिजवणार रे तू?" इर्मानं दारातच सुरुवात केली. "चप्पल?"

"तू बूट पुसून ठेवलायस ना? मला धूळ चालत नाही," हार्लन म्हणाला.

आम्ही आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जमतो. कोपऱ्यात बर्नीस कोंबडी-मक्याचं सूप वाढत होती. नाक्यावरच्या खानावळीत ती पंचवीस वर्षं टेबलं सांभाळते आणि स्पर्धेच्या दिवशी मोठं पातेलं घेऊन इकडे येते. नाण्यांबद्दल तिचं मत एवढंच, की ती सुपात पडू नयेत.

परीक्षक मी. हार्लन आणि इर्मा दोघांनाही तिसरीत मीच शिकवलं, त्यामुळे माझ्यासमोर दोघं अजून हात मागे बांधून उभे राहतात.

इर्माचं नाणं १८०७ सालचं, अर्ध्या डॉलरचं. मी ते कडेनं धरलं, दिव्याखाली हळूहळू कलवलं. शनिवारी मंडळात येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते: नाणं हलवा, उजेड त्याच्यावरून चालू द्या. नाण्यावरच्या टोपीवाल्या बाईचा चेहरा गेलेला, मागच्या गरुडाचं नुसतं धूड उरलेलं. अक्षरांच्या कडेला काळा, कडक मळ. तो काढायला शंभर वर्षांत कुणी गेलं नव्हतं. अस्सल. पण सालाचे चारही आकडे दिसत होते आणि टोपीची कडही.

"दोन," मी म्हणाले.

"दोन?" इर्मा दुखावली. "बाई, नीट बघा ना. इतकं वाईट आहे ते!"

"टोपी दिसते, इर्मा. टोपीला मी एक देत नाही."

मग हार्लनचं. हेही अर्ध्या डॉलरचं, पण त्याहून जुनं, मोकळ्या केसांच्या बाईचं. केस आता नव्हतेच. नाणं इतकं गुळगुळीत होतं, की अंगठा घसरत होता.

"याला चकाकी आहे," इर्मा माझ्या खांद्यावरून म्हणाली. "बाई, हे चलनात झिजलेलं नाही, हार्लनच्या पँटमध्ये झिजलंय. नऊ वर्षं खिशात घेऊन फिरतोय तो. चर्चमध्ये खुळखुळ ऐकू येते."

"मग तेव्हाची माणसं काय डोक्यावर ठेवत होती पैसे?" हार्लन म्हणाला. "त्यांनाही खिसेच होते."

"ती माणसं ते खर्च करत होती! या हातातून त्या हातात जायचं. तुझ्या नाण्यानं तुझ्या किल्ल्यांपलीकडे जग पाहिलंय का?"

मुद्दा बरोबर होता. मी हार्लनकडे पाहिलं. तिसरीत चोरलेला खडू लपवताना जसा लाल व्हायचा, तसाच झाला होता.

"मी खर्च केलंय ते," तो पुटपुटला. "दर शुक्रवारी."

"कुठे?"

"बर्नीसला टिप म्हणून. शनिवारी सकाळी जाऊन पाव डॉलरच्या दोन पावल्या देऊन परत घ्यायचो."

सगळ्या माना सुपाच्या पातेल्याकडे वळल्या. बर्नीसचा डाव हवेतच थांबला.

"हो, देतो की," ती म्हणाली. "नऊ वर्षं तेच एक नाणं. मला वाटलं, याच्या डोक्याला काहीतरी झालंय, म्हणून मी बोलले नाही."

"नऊ वर्षं टिप वाढवली नाहीस?" इर्मा हार्लनवर किंचाळली. "बटाट्यांचे भाव बघ जरा!"

"ही झीज नियमात बसते का, एवढं सांगा बाई," हार्लन म्हणाला.

मी भिंग घेतलं. खळग्यांमध्ये दोन प्रकारचा मळ होता. खाली जुना, काळा, दगडासारखा. वर नवा, तपकिरी, मऊ. मी वास घेतला. काकवी घालून भाजतात त्या गोड 'पाय'चा. बर्नीसच्या ॲप्रनचा तोच वास येतो.

"दर आठवड्याला दोनदा हातबदल झालाय," मी म्हणाले. "झीज प्रामाणिक आहे. माणूस चिकट आहे, पण त्याचे गुण मी कापत नाही."

हार्लननं टाळी वाजवली. मी बोट वर केलं, तसा थांबला.

"आता साल."

एक दिसला. सात दिसला. नऊचा वाटोळा भाग सावलीसारखा होता. शेवटचा आकडा नव्हताच.

"पाच आहे तिथे!" हार्लन म्हणाला. "सतराशे पंच्याण्णव. गेल्या महिन्यात पाचाचं डोकं दिसत होतं!"

"दर शुक्रवारी मी त्यावर अंगठा घासते," बर्नीस म्हणाली. "बरं वाटतं."

हार्लन मटकन खाली बसला. हे नाणं दोनच वर्षं निघालं, चौऱ्याण्णव आणि पंच्याण्णव. शेवटचा आकडा नाही म्हणजे साल नाही, आणि साल नाही म्हणजे सत्तरपैकी एकही नाही. नुसती चकती.

"उलटं करून बघू," मी म्हणाले. चौऱ्याण्णवच्या नाण्यात गरुडाच्या पंखाखाली दोन पानं असतात. पंच्याण्णवच्या काही थोड्यांत तीन, म्हणजे तीन दिसली की साल पक्कं. मी दिवा जवळ ओढला. पंखाखाली काहीतरी होतं, मुंगी चालून गेल्यासारखं. दोन ठिपके मला दिसले. तिसऱ्याच्या जागी माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना नुसतं धुकं.

"हार्लन, काय दिसतं ते सांग. काय हवंय ते नको."

"तीन!" तो म्हणाला. नाणं अजून माझ्याच हातात होतं.

मी नाणं इर्माला दिलं. सबंध परगण्यात तिच्याइतकी नजर कुणाचीच नाही. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, नाणं डोळ्याजवळ नेलं, इकडे कलवलं, तिकडे कलवलं. बूट तिच्या कोपराशेजारीच होता. सूपही कुणी भुरकेना. "दोन" एवढं म्हणाली असती, तर सातवी पट्टी तिचीच होती, आणि तिला खोटं पाडणारं हॉलमध्ये कुणी नव्हतं.

"मेल्या," ती अखेर म्हणाली. "तीन आहेत."

"खरंच?"

"तिसरं देठाला चिकटलंय. घे तुझा बूट. वास मारतो तो, आधीच सांगते."

मी वहीत लिहिलं: ब्रुबेकर, एक. हार्लन बुटाला मिठी मारून हॉलभर फिरला. आयुष्यात इतके कमी गुण मिळाल्यावर इतका आनंद त्याला तिसरीतही झाला नव्हता, आणि तेव्हा त्याला सवय होती.

"आता निदान त्या बाईला धड टिप दे," इर्मा म्हणाली.

हार्लन थबकला. मग बर्नीसपुढे जाऊन त्यानं ते नाणं पातेल्याशेजारी ठेवलं. "घे. आता परत मागायला येणार नाही."

बर्नीसनं त्याच्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं. "नको रे बाबा. यावर काही दिसत पण नाही. दोन पावल्याच दे."

"मी देते पावल्या!" इर्मा खुर्ची पाडून उठली. "चार देते!"

बर्नीसनं इर्माच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं, फळीवरच्या बुटाकडे पाहिलं आणि नाणं उचलून ॲप्रनच्या खिशात टाकलं.

"पुढच्या वर्षी मीच भाग घेते," ती म्हणाली, आणि खिशात हात घालून सवयीनं अंगठा घासू लागली.

"बर्नीस, नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. "पानं जातील!"